आईच्या हातचं मलम

आई: गाल इकडे कर. अजून थोडा. अगं, परवा दारात उभी राहिलीस तेव्हा केवढा नितळ होता हा गाल. आणि आता बघ, पार सालटं निघालंय.

ठमी: दिव्याखाली सगळंच लाल दिसतं.

आई: मला नको शिकवूस. तुझी कातडी मला माझ्या तळहातापेक्षा जास्त ओळखीची आहे. काय खाल्लंस तिकडे? खरं सांग. ओरडणार नाही.

ठमी: ओरडशील.

आई: बरं, थोडंसं ओरडेन. सांग.

ठमी: दूध प्यायले.

आई: एखाद्या वेळी?

ठमी: रोज. अंडीही खाल्ली. संत्री, दाणे, पाव. ताटात येईल ते.

आई: तरीच म्हटलं. ठमे, इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं तुला. वाढदिवसाला केक आणला नाही कधी. शेजारणी तोंडावर म्हणायच्या, पोरीला उपाशी मारते. आणि तू हॉस्टेलवर जाऊन सगळ्यावर पाणी फिरवलंस.

ठमी: आई, हे सगळं खात होते तेव्हा अंग स्वच्छ होतं माझं. तूच बघितलंस परवा. इथं आल्यापासून मी तुझ्या हातचा भोपळा आणि भात खातेय. आणि इथंच उठलं.

आई: खाल्लेलं आत साठतं. मग एकदम बाहेर पडतं.

ठमी: डॉक्टर नाही म्हणाल्या.

आई: कुठल्या डॉक्टर? मला न सांगता डॉक्टरकडे गेलीस?

ठमी: जावंच लागलं. हॉस्टेलवर गेल्यावर आठवड्याभरात हात सुधारले, अंग सुधारलं, फक्त डावा गाल राहिला. मी डाव्या कुशीवर झोपते ना. त्यांनी विचारलं, उशीला काय लावतेस? मी म्हटलं, काही नाही, आईनं घरचा अभ्रा दिलाय.

आई: तो निळ्या काठाचा. तुला परकं वाटू नये म्हणून दिला होता. चांगला उकळून, इस्त्री करून दिला होता.

ठमी: हो.

आई: मग?

ठमी: त्यांनी त्याचा एक तुकडा कापून पाठीवर पट्टीखाली ठेवला. शेजारी दुसऱ्या कापडाचा ठेवला. दोन दिवसांनी पट्टी काढली तर आपल्या तुकड्याखाली फोड आले होते. दुसऱ्याखाली काहीच नव्हतं. रक्तही तपासलं. दूध, अंडी, दाणे, कशाचाच त्रास नाही मला.

आई: कापडाचा कसला त्रास? मी घरात धुळीचा कण ठेवत नाही.

ठमी: कापडाचा नाही, आई. पावडरचा.

आई: कुठल्या?

ठमी: तुमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या. पिंपाच्या तळाशी उरलेली तू आणतेस ना.

आई: ती पावडर? अगं, त्या पावडरमध्ये ऑपरेशनच्या चादरी धुतो आम्ही. ताज्या टाक्यांना लागतात त्या चादरी. रोगी माणसाला चालते आणि तुला चालत नाही?

ठमी: तिकडे मशीन चार-चार वेळा पाणी बदलतं. तू बादलीत उकळतेस आणि मुद्दाम थोडी राहू देतेस. तूच म्हणायचीस, अंगावर राहिली तर जंतू जवळ येणार नाहीत.

आई: म्हणायचे. तुझ्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं, घरी स्वच्छता ठेवायला सांग आईला. दिवसभर लोकांचं रक्त-पू धुणारी बाई मी. मला म्हणाली स्वच्छता ठेव. त्या दिवसापासून आणायला लागले.

ठमी: माहीत आहे मला.

आई: तेव्हा फक्त कोपरात होतं तुझ्या. मग मानेवर चढलं. मी दूध बंद केलं. मग पाठीवर आलं, अंडी बंद केली. जसजसं वाढलं तसतशी पावडरची मूठ मोठी केली मी.

ठमी: तुला काय माहीत असणार?

आई: माझी बाजू नको घेऊस. कुंपणानंच शेत खाल्लं की गं.

ठमी: डॉक्टर म्हणाल्या, मूळ दोष जन्माचाच आहे. तो राहणारच. साधा साबण, साधं मलम, खूप पाण्यात धुतलेले कपडे, एवढं पाळलं तर ताब्यात राहील.

आई: मग ते दारातलं बोचकं कशाचं? सकाळपासून बघतेय. रविवारपर्यंत राहणार होतीस ना?

ठमी: आज निघते. सोमवारी आमच्या चष्मे बनवण्याच्या कोर्सची परीक्षा आहे. चष्म्याचं भिंग बोटांच्या टोकांवर धरून घासायचं असतं. पहिल्या आठवड्यात माझं रक्त लागलं भिंगाला, तर सरांनी बाहेर बसवलं. हात बरे कर नाहीतर दुसरं काम बघ, म्हणाले. कालपासून बोटं परत चिरायला लागलीत.

आई: जाऊ नकोस. मी सगळं परत धुते. साध्या साबणानं.

ठमी: गादीत मुरलंय ते. पडद्यांत, पांघरुणात, तुझ्या साड्यांत.

आई: गादी टाकून देते. काम सोडते उद्याच.

ठमी: आणि खाणार काय?

आई: तू इतकी वर्षं खाल्लंस तेच खाईन. मला कुठं काय लागतं? तू दूध सोडलंस तेव्हाच मीही सोडलं. तुझ्यासमोर घोट उतरला नसता.

ठमी: मला वाटायचं, तुला आवडत नाही.

आई: आवडायचं की. ठमे, एक विचारू? खरं सांगशील?

ठमी: विचार.

आई: रोज मलम मीच लावायचे तुला. कामावरून यायचे आणि आधी तुझ्याजवळ बसायचे. याच पावडरच्या हातांनी लावायचे. तू रडायचीस, आग होते म्हणायचीस. मी म्हणायचे, औषध लागतंय, सोस जरा. एकदा तर दोन्ही हात धरून ठेवले होते तुझे. ते औषध नव्हतं ना?

(ठमी बोचक्याची गाठ आवळते.)

आई: बोल.

ठमी: तो अभ्रा मी टाकला नाही, आई. पिशवीत बांधून पेटीत ठेवलाय. तुझा वास येतो त्याला.

आई: टाकून दे.

ठमी: नाही टाकणार.

आई: मलम आणलंस ते कुठाय? निघायच्या आधी लावून घे. पाठ बघितली मी तुझी, सदऱ्यावर डाग पडलाय.

ठमी: पाठीला माझा हात पोचत नाही.

आई: माहीत आहे.

ठमी: लावून दे ना. हात धुऊन घे नुसते.

आई: किती धुऊ? नको. आरशाकडे पाठ करून उभी राहा आणि पोचेल तिथपर्यंत लाव. कुठं राहिलं ते मी इथून सांगते.