हिंदुरावांची काजळी

अहो, अहो हरेशभाई — तिथे नको, कपाटाच्या आरशाला हात नका लावू! ती नाडी दिसते ना, ती ओढा. कपाटाची मूठ कधीचीच गळून पडली, म्हणून मी परकराची नाडी बांधलीय. धुतलेली आहे, ओढा बिनधास्त. आणि शर्टाला काय लागलं? काळं? अरे देवा — टीव्हीला टेकलात वाटतं. ती काजळी आहे हो. काही नाही, झटका — नाही, झटकू नका, पसरते. फुंकर मारा. हां. बसा आता, टेम्पोवाल्याला म्हणावं थांब जरा, चहा ठेवलाय. जुनं कपाट विकत घ्यायला उल्हासनगरहून एवढे चिखलोलीपर्यंत आलात, ते काय पळून जात नाही.

काजळी कशाला म्हणता? आता काय सांगू, हसाल. मी गोष्टी लिहिते — रहस्यकथा. दिवाळी अंकात येतात, दोन पुस्तकं पण आहेत, लायब्ररीत विचारा, कुणी नेत नाही म्हणून जाग्यावरच असतात. माझा हिरो हिंदुराव फौजदार. साल एकोणीसशे एक. कल्याण तालुक्यात कुठे खून झाला की हा घोड्यावरून येणार, आणि कुणाला दिसत नाही ते ह्याला दिसणार. तेव्हा ते बोटांच्या ठशांचं नवीन नवीन होतं ना — कलकत्त्याला ऑफिस निघालेलं, आपल्याकडे लोक म्हणायचे हे काय खूळ. तर मी लिहिलं, हिंदुरावांनी समईवरून ठसा काढला सेलोटेपने. झालं! बदलापूरहून एका वाचकाचा फोन — बाई, सेलोटेप तेव्हा जन्माला तरी आली होती का? एवढा मोठा फौजदार, आणि माझ्यामुळे त्याची अब्रू गेली. त्या दिवशी ठरवलं, आधी घरात करून बघायचं, मग लिहायचं. पायाचा ठसा घ्यायला सोसायटीच्या बागेत प्लास्टर ओतलं — मांजराचा निघाला. सेक्रेटरी दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते. हे मात्र पोट धरून हसले होते.

ठशाचं सोपं असतं तसं. दिव्यावर ताटली धरायची, काजळी जमवायची, मलमलीतून गाळायची, आणि निशाचा — माझी मुलगी, पुण्याला असते — तिचा तो गालाला लावायचा ब्रश, त्याने हलकेच फिरवायची. बोटाला घाम असतो, तेलकटपणा असतो, त्याला ती चिकटते. मग दिसतात रेघा. गोल गोल असल्या तर चक्र, एका बाजूला वळल्या तर शंख. आपल्या आया बाळाच्या बोटांवर मोजायच्या ना, तेच. इंग्रजांनी काय नवीन शोधलं नाही.

नाही हो, आता कादंबरीसाठी नाही. कादंबरी बंदच आहे. हे गेले तेव्हापासून हिंदुराव घोड्यावर बसलेलेच आहेत, एक पाऊल पुढे नाही — घोड्याची दया येते. हे मी — म्हणजे आता निशा म्हणते इथली खोली बंद कर, माझ्याकडे ये, सामान काढून टाक. म्हटलं काढते. पण त्याआधी एक ठसा तरी यांचा मिळतो का बघू. एवढी वर्षं या घरात वावरलेला माणूस, कुठेतरी बोट लागलंच असेल की! वेडेपणा आहे, माहितीये मला. पण माझ्या फौजदाराला शंभर वर्षांपूर्वीचा चोर सापडतो, आणि मला माझा नवरा सापडू नये?

सगळं घर काळं केलं, भाऊ. पाण्याचा जग, चष्म्याचं घर, रेडिओ, यांची ती स्टीलची डबी. नुसते डाग! अंगठ्याएवढे सपाट डाग, रेघ म्हणून नाही. आता हिंदुरावांचं एक वाक्य आहे, मीच लिहिलेलं, मला फार आवडतं — ‘रेघ नाही तो ठसा नाही, पुसा आणि पुढे चला.’ म्हणून पुसलं. फडका घेऊन मागे मागे. डाग — पुसला. परत डाग — परत पुसला. आणि मग टीव्हीच्या मागे, तो केबलचा डबा आहे ना, त्याच्यावर सापडला! असा सुरेख, टपोरा, मधोमध चक्र.  रडले मी, खोटं कशाला बोलू. तो बघा, फोटोशेजारी पांढऱ्या कागदावर चिकटवलाय. हो, सेलोटेपनेच. रोज सकाळी यांच्या फोटोला उदबत्ती दाखवते, तशी त्यालाही दाखवते.

साखर किती? बरं. काय — हे काय करायचे? इथेच, एमआयडीसीत. केमिकलमध्ये. आम्ही आधी बुवापाड्याला होतो, तिथून रिक्षाने जायचे पाळीला. कॉस्टिक सोड्याचं काम सगळं. हातमोजे घातले की झडप नीट धरता येत नाही म्हणायचे, म्हणून उघड्या हाताने. हट्टी! सगळ्या बाबतीत तसेच. आता ही नाडी बघा, मी बांधली, तर म्हणे परकराची नाडी ओढून मी शर्ट काढणार का? रोज आपला दाराचा काठ चिमटीत धरायचा, अंगठा आरशावर दाबायचा आणि ओढायचं. मी ओरडायची, आरसा घाण होतो. आणि रेशनच्या दुकानातली गंमत तर — तिथे मशिनवर अंगठा लावावा लागतो ना, यांचा लागायचाच नाही. मशिन लाल. पुसून लावा, लाल. लिंबू चोळून लावा, लाल. दुकानदार वैतागायचा, म्हणायचा काका, तुम्हाला अंगठाच नाही. कॉस्टिकने सगळ्या बोटांच्या रेघा खाल्ल्या होत्या, बोटं गुळगुळीत, काचेसारखी. मागे रांग ओरडतेय, आणि हे माझ्याकडे वळून काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ‘सांग तुझ्या फौजदाराला, मी खून करून गेलो ना, तरी त्याला सापडायचा नाही — ’

...

काही नाही. थांबा एक मिनिट.

हरेशभाई, रेघा नव्हत्या. यांच्या बोटाला रेघाच नव्हत्या. हे मी आत्ता सांगितलं तुम्हाला, मीच सांगितलं ना? मला माहीत होतं की हो! रेशनच्या रांगेत शेजारी मी उभी होते! मग पाण्याच्या जगावर ते — आणि रेडिओवर, डबीवर — अहो, ते डाग नव्हते. ते हेच होते. घरभर होते. आणि मी फडका घेऊन मागे मागे... पुसा आणि पुढे चला! काय ती अक्कल! बदलापूरच्या माणसाला सेलोटेप दिसली, मला माझा नवरा दिसला नाही.

मग हा कोण? हा चक्रवाला? — केबलचा डबा... तो राजू. राजू केबलवाला, डबा बसवायला आला होता गणपतीत. म्हणजे मी इतके दिवस त्या राजूच्या अंगठ्याला उदबत्ती — हसा हो, हसा तुम्ही. मलाही हसू येतंय. डोळ्यातलं सोडा, ते चहाच्या वाफेचं आहे.

आरसा राहिलाय. आरसा केला नव्हता मी. काळी काजळी आरशावर दिसत नाही, त्याला पांढरं शंखजिरं लागतं, टाल्कची भुकटी हो, ते आणून पडलंय त्या डब्यात, द्या इकडे. आणि पुसलाही नाही. हे गेल्यापासून आरशात बघितलंच नाही, पुसणार कोण? मोबाईलची बॅटरी लावा. अशी नाही, तिरकी धरा. नाडीच्या वर, काठाला. मी फक्त नाडी ओढते, तिथे माझा हात जात नाही, कुणाचाच जात नाही. तुमचा गेला असता मघाशी. हलू नका. ब्रश... हलकेच...

आहे.

बघा, आहे. एकावर एक, एकावर एक. सपाट. एक रेघ नाही, भाऊ, एक पण रेघ नाही.

नाही. कपाट द्यायचं नाही. भाव वाढवू नका, भावाचं नाहीये. निशाला मी सांगते, आरसा येईल तर मी येईन. तुमचा हेलपाटा झाला, माफ करा, टेम्पोवाल्याला मी खाली येऊन बोलते. नाही, नाही येत, तुम्हीच सांगा. चहा राहू दे. जा तुम्ही आता. आणि जाताना ते दार — घराचं दार हो — कडीला धरून ओढा. दुसरीकडे कुठे हात लावू नका.