ऐनवेळचा विषय

…आणि वर मलाच विचारतात, "काऊन बे जीवन, तुले दुसरं काम नाही का?" नाही! तुम्हाला सांगतो, चौदा जुलै हा जागतिक ऑर्का दिवस, जगभर लोक त्या दिवशी ऑर्काबद्दल, म्हणजे त्या काळ्यापांढऱ्या शिकारी देवमाशाबद्दल, बोलतात, आणि आमचं गाव, उंद्रीहून चार किलोमीटर आत, त्या दिवशी कशाबद्दल बोलतं? सोयाबीनवरच्या खोडमाशीबद्दल. आदल्या दिवशीही खोडमाशी, दुसऱ्या दिवशीही खोडमाशी. गावाला समुद्र नाही, मान्य. पण समुद्र नाही म्हणून माणसाला संतापही येऊ नये?

मी कोचीला सहा वर्षं सागरी जीवशास्त्र शिकलो, आठ महिन्यांपूर्वी परत आलो, गावाला जगाशी जोडायचं म्हणून. आणि जगात काय चाललंय? परदेशातल्या एका उद्यानात एक ऑर्का तेवीस वर्षं टाकीत आहे. काळीपांढरी, आपल्या ट्रॅक्टरहून जड, जिनं रोज शंभर किलोमीटर पोहायचं ती सिमेंटच्या टाकीत गोल फिरते. तिचा मुलगा होता, तो काढून दुसऱ्या उद्यानाला विकला. एका संघटनेनं गावोगावचे ठराव मागवलेत, पंधरा जुलैच्या आत, की मायलेकांना एकत्र समुद्रात सोडा. एक ठराव, एक कागद, एक शिक्का… एवढंच मागत होतो हो मी.

ग्रामसेवक देवानंद भाऊसाहेबांकडे गेलो. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "समुद्र आपल्या कक्षेत येत नाही, जीवनभाऊ. नाला असता तं पाह्यलं असतं." मी म्हटलं, भाऊसाहेब, जीव तडफडतोय. तर म्हणे, "विषयपत्रिका निघून गेली. चौदाले महिला सभा आहे, ऐनवेळच्या विषयात घ्या." तेवीस वर्षांचा तुरुंग, आणि हा ऐनवेळचा विषय! सरपंच मंजुळाबाई म्हणाल्या, "बोल बाप्पा, पण लौकर आटप, बाया निंदण टाकून येऊन राह्यल्या." गावाला समुद्र नाही, मान्य, पण तणाएवढीसुद्धा किंमत नाही का त्या जिवाला?

तर चौदा तारीख, समाजमंदिर, चाळीस-एक बाया, आणि दुसऱ्या रांगेत माझी आई पुष्पाबाई, मांडीवर माझा डबा घेऊन, कारण मी रागारागात न जेवता निघालो होतो. मी सुरू केलं. टाकी सांगितली, तेवीस वर्षं सांगितली… आणि समोर? एकजण चपलेचा चिखल काढतेय, एक जांभई देतेय. तेवढ्यात आमच्या शेजारच्या तानाबाई म्हणाल्या, "केवढा आहे तिचा पोरगा?"

मी खूश. म्हटलं, मावशी, मोठा आहे, पण ऑर्काचा मुलगा तीस वर्षांचा झाला तरी आईजवळच राहतो.

"तीस? अन् खाते काय?"

आई मासा पकडते, दातानं तोडते, अर्धा त्याला देते.

"अन् पोरगी?"

पोरगी मोठी झाली की तिचं ती बघते. आणि मावशी, संशोधन सांगतं, मुलगा सांभाळता सांभाळता आई इतकी दमते की पुढचं पिल्लू होणंच अवघड होतं.

आता सभा अशी ऐकतेय की चपलेचा चिखलसुद्धा थांबला. मला वाटलं, जिंकलो. तर मागून बनाबाई म्हणतात, "अवो, हा तं पुष्पाबाईच्या घरचं सांगून राह्यला."

हसल्या सगळ्या. चाळीसच्या चाळीस. मी म्हटलं, हा निसर्ग आहे, चेष्टा नाही. तानाबाई म्हणाल्या, "आम्ही बी त्याले निसर्गच समजत होतो, बापू. पण मले एक सांग, माईले सोडा म्हणतं, बराबर आहे. तिच्या पोराले तिच्याच संगं सोडा म्हणून काऊन लिहून राह्यला? समुद्रात जाऊन बी अर्धा मासा तिनंच द्यावा?"

सहा वर्षं शिकलो, तुम्हाला सांगतो, हा प्रश्न एकाही प्राध्यापकानं विचारला नाही.

मंजुळाबाईंनी टेबलावर हात आपटला. "लिहा भाऊसाहेब. त्या मायलेकराले समुद्रात सोडावं. अन् गावातल्या शिकून आलेल्या पोरायनं जेवल्यावर आपलं ताट आपण घासावं. सूचक तानाबाई. अनुमोदक कोण?"

मी उठलोच. म्हटलं, ऑर्काचा अन् ताटाचा एक ठराव कसा होईल? भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "ऐनवेळच्या विषयात सगळं बसते. पूर्ण खोडू का?"

उद्या पंधरा तारीख. टाकीत ती फिरतेय. मी म्हटलं… नका खोडू.

आणि तेवढ्यात हात वर झाला. दुसऱ्या रांगेतून. माझ्या आईचा. जिनं मला सव्वीस वर्षांत पाण्याचा पेला विसळायला सांगितला नाही, तिचा, एका हातानं डबा सावरत. कोणी हसलं नाही तेव्हा. भाऊसाहेबांनी लिहिलं: अनुमोदक, पुष्पाबाई नारायणराव. एकमतानं मंजूर.

ठराव पाठवला त्याच संध्याकाळी. चार महिने झाले, उद्यानाचं उत्तर नाही, आणि माझा राग तसूभर कमी नाही, हे लिहून ठेवा. गावाला समुद्र नाही, मान्य. मोरी आहे. तिथं मी रोज जेवल्यावर बसतो, हातात घासणी, आणि आई उंबऱ्यावर टेकून विचारते, "आलं का रे बापू, तिचं काही उत्तर?" मी म्हणतो, नाही आलं.

"मंग तवर कढई बी घे."

ठरावात फक्त ताट होतं हो.