गोळा मांडवीच्या पुढे जात नाही

गुरूंचा मान वगैरे मला सांगू नका. बारावीला फिजिक्सच्या सरांच्या प्रत्येक गणितात तोफ आपली आणि गोळा पाकिस्तानात. कोकणात जन्म काढून या माणसाला झाडावरून पडणारा नारळ कधी दिसला नाही! आणि सोडवायला फळ्यापाशी दर वेळी कोण, तर माझ्या बाकावरचा इम्तियाज.

"काय रे, पडेल काय तुझ्या मामाच्या घरावर?" सर विचारायचे आणि वर्ग खिदळायचा.

एकदा इम्तियाजनं शांतपणे आकडेमोड केली. "पडेल, सर. मामा इथंच खाली मांडवीत राहतो. तुम्ही दिलेल्या वेगानं गोळा इथून मांडवीच्या पुढे जातच नाही."

"चालता हो!"

मी उठलो. "सर, उत्तर चुकलं काय?"

"तूपण हो चालता!"

झालो. इम्तियाजला माफी मागायला लावून आत घेतला. मी अजून बाहेरच आहे. सरांनी आधी त्याची माफी मागावी, मग बघू.