कप्तानाची जागा

लासूर स्टेशनच्या बसमध्ये योगिनीच्या पुढच्या सीटवर म्हातारा धनगर कारभारी अन् शहरातला दाऊद बोलत होते.

“निजामाच्या वक्ताचे ते कप्तान तुमचे आजोबा व्हय? आमच्या वस्तीपुढं निजलेत. सगळ्या रानात मेंढ्या बसवतो, तेवढी जागा सोडून.”

“चाचा, घरी तर सांगतात, वस्तीवर गोळ्या घालायचा हुकूम आला अन् ते पळून गेले.”

“माझ्या बापानं माती दिली त्यांना. पळणाऱ्याला गोळी पाठीत लागती. त्यांच्या छातीत होती. पाठ आमच्या वस्तीकडं.”

कारभारी दाऊदकडे वळला.

“पळाले, असं कुणी सांगितलं, दाऊदभाई?”

“त्यांच्याच शिपायांनी. घरी येऊन. दादीनं जेवू घातलं त्यांना.”