बाप्तिस्म्याची मेणबत्ती

हॅलो?… काही नाही हो, तुमच्या ताटावरचं झाकण पडलं. घर एवढं शांत की केवढ्यानं वाजलं… हो, झाकूनच ठेवलंय अजून.

निघालात ना?… इंदापुरातच? दवाखान्यात का?… कोण कौसल्या? ऊसतोडीची? काल पाचटाच्या कोपीत बाळंत झाली ती?… अगं बाई. अजून रक्त जातंय?… आणि नवरा?… मुकादमानं फडातून सोडलं नाही. म्हणून तुम्ही बसलाय.

नाही, चिडले नाही. परवा कऱ्हाटी गाव, काल कोपी, आज दवाखाना. तुम्हाला गरिबांत ख्रिस्त दिसतो, दिसू दे. आम्हाला तुम्ही दिसत नाही, एवढंच…

हसू नका. उद्या सकाळी चर्चमध्ये मिस्सा आहे. लेकीचा पहिला ख्रिस्तप्रसाद. फादरांनी सांगितलंय, बापानं बाप्तिस्म्याची मेणबत्ती पेटवून लेकराच्या हातात द्यायची… माझ्या सौरभनं द्यावी? त्यानं विचारलं की तिला. म्हणाली, मामा, तू टाळ्या वाजव.

बरं, मेणबत्ती कुठंय? मेण हातावर पडू नये म्हणून खाली कागदी वाटी लावून आणतो म्हणालात, पिशवीत टाकलीत…

कोपीत?

…मोबाइल पण बंद पडला होता? आणि त्यांच्याकडं कंदीलसुद्धा नाही… हं. हं… सगळी जळली?… बोटाएवढी राहिलीय.

…आहे मी. ऐकतेय.

काय झालं तिला?… मुलगी. बरं झालं. उजेडात झाली बिचारी.

नाही हो, रडत नाही. आपल्या ग्रेसीच्या बाप्तिस्म्याला तुम्हीच धरली होती ती मेणबत्ती, हातावर मेण सांडलं होतं… ते आठवलं. रागवायचंच आहे मला. पण त्याला तरी समोर या ना एकदा.

ऐका, तो तुकडा टाकू नका. तेवढा पुरेल. तुम्ही या फक्त… कौसल्याची सासू आली की निघणार?… बीडहून? कधी?… गाडी मिळाली तर. आणि नाही मिळाली तर?… हॅलो? अहो, जेवलात का?… हॅलो?

गेला फोन.

ग्रेसी… दाराआड काय उभी राहिलीस? ये इकडं… हो, पप्पाच होते… नाही बाळा, तुझी मेणबत्ती हरवली नाही. एका काकूच्या घरी खूप अंधार होता, म्हणून पप्पा…

अगं, लाइट का घालवलीस?… काय म्हणालीस?

…आता आपल्याकडं पण अंधार झाला, आता पप्पा येतील का?