बाटल्यांना हवा लागली

आता तुम्हीच सांगा, एखादीनं परदेशात जाऊन, बर्फात नाक लाल करून घेऊन गाळाचं शिक्षण घेतलं... हो, गाळाचंच, हसू नका... आणि ‘आमच्या देशातला गाळ आम्हीच तपासणार’ असं तिथल्या लोकांना ठणकावून सांगून ती सोलापूरला परत आली, तर तिची काय अपेक्षा असेल? मला वाटलं होतं, प्रयोगशाळा असेल, खिडकीतून तलाव दिसेल, निदान एक टेबल तरी असेल. मिळालं काय, तर कॉलेजातली जिन्याखालची जागा, आणि तीही उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगाच्या डब्यांनी भरली, म्हणून माझ्या बाटल्या आल्या घरी, बाळीवेशीत, काशम्माकाकूच्या राज्यात.

काशम्माकाकू म्हणजे माझी चुलती. बाई सोन्यासारखी, पण तिची सगळी श्रद्धा एका गोष्टीवर. हवा! गादीला हवा, गव्हाला हवा, भाकरी तर हवेवर ठेवून अशी कडक करते की टेबलावर आपटली तर टेबलाला पोचा यावा. पोराला खोकला झाला, “जरा हवा लागू दे की.” मल्लप्पाकाका रॉकेलच्या रांगेतून रिकामा डबा घेऊन, चिडून परत आले, “बसा गच्चीत, जरा हवा लागू दे की.” आणि अशा घरात मी आणून ठेवले कोण, तर हवा लागली की मरणारे जीव!

तुम्हाला सांगते, भानगड अशी आहे. हिप्परग्याच्या तलावात काठीनं तळ ढोसला की बुडबुडे येतात ना, तो मिथेन. शेणाच्या गॅसमध्ये असतो तोच, काडी लावली की पेटतो. खोल गाळात तो रग्गड तयार होतो, तिथून वर सरकतो, आणि गंमत म्हणजे पाण्यापर्यंत पोचायच्या आतच बराचसा गायब. अजून हवेचा पत्ता नाही, जाळ नाही, काही नाही, मग गेला कुठे? कोणीतरी खातं! त्या काळ्या, कोंदट गाळात डोळ्यांना न दिसणारे जंतू बसलेत, पाण्यातून झिरपणाऱ्या क्षारांवर श्वास भागवतात आणि हा गॅस फस्त करतात. म्हणजे असा माझा अंदाज. पाहिलं कोणीच नाही.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, “बाई, पुस्तकात काय लिहिलंय? गॅस खाणाऱ्या जंतूंना हवा लागते. हवेशिवाय कोण जेवतं?” मी म्हटलं, “सर, पुस्तक चुकलं असेल.” पुस्तक चुकलं म्हटल्यावर ते असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या वडलांना नावं ठेवली. शेवटी म्हणाले, पुण्याला गॅस मोजायचं यंत्र आहे, बाटल्यांतला गॅस कमी झालेला दाखवा, टेबल देतो. नाहीतर हा चिखल बंद, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना बेडूक शिकवायचा.

झालं! गुंडा कोळ्याच्या होडीतून बादलीभर गाळ आणला, बाटल्यांत भरला, वर तलावातलाच गॅस सोडला, रबरी बुचं ठोकली, बुचांवर मेण ओतलं आणि मागच्या खोलीत ठेवल्या. घरात सगळ्यांना खरं तेच सांगून ठेवलं, ‘तलावातला गाळ आहे, उघडायचा नाही.’ सगळा उन्हाळा जपल्या. पुण्याच्या यंत्रावरची पाळी मिळाली.

आणि मग सुटला वास. कसला, तर सडक्या अंड्यांचा. माझ्या दृष्टीनं शुभ लक्षण, कारण जंतूंनी वापरलेल्या त्या क्षारांचा शेवटी असाच वासाचा गॅस होतो, वास आला म्हणजे गाळातला संसार सुरू आहे. पण आमचं घर कसलं? गळ्यात लिंग, पाच पिढ्यांत अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. शेजारची अक्कम्मा परसातून म्हणते कशी, “काशम्मा, अंडी शिजतेत व्हय गं? पोरगी परदेशातनं आल्याली हाय म्हणा...” जन्मात अंडं न पाहिलेल्या बाईनं वास कसा ओळखला, ते मी विचारलं नाही. काकू मात्र रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर तिकीट काढायला गेले. परत येऊन बघते, तर गच्चीत, उन्हात, माझ्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. बुचं काढलेली. माशा बसू नयेत म्हणून वरून काकांचं जुनं धोतर.

“काकू, हे काय?”

“अगं, कोंदटल्यात की त्या. म्हटलं, जरा हवा लागू दे की. मेण काढून ठिवलंय बग, वाया न्हाई घालवलं. आता अक्कम्माला बोलावून दावते, अंडी न्हाईत म्हून.”

मी तिथेच फतकल मारून बसले. आणि ऐका, वास बाटल्यांचा नव्हताच हो! बंद बाटलीला कसला वास? वास उरलेल्या गाळाच्या बादलीचा, ती अजून खाली खोलीतच होती.

काकू घाबरली. शेजारी बसून म्हणाली, “काय व्हतं गं त्यात?” मी रडत रडत सांगितलं. तळाला असतात, अंधारात असतात, हवा मिळत नाही, जे येईल ते गिळतात, त्यांच्यामुळे वर सगळं ठीक चालतं आणि ते आहेत यावर कोणाचा विश्वास नाही.

काकूनं विचार केला. “म्हंजे सासरी हाईत म्हण की.”

रडताना हसू आलं की ठसका लागतो, तसा मला लागला. आणि या बाईनं काय म्हणावं? “जरा हवा लागू दे की.”

सकाळी चहा पुढे ठेवून म्हणाली, “आदीच सांगायचं, गावदेव सिद्धरामाच्या नवसाच्या हाईत म्हून. दोरा बांदला असता तर कुणाची हात लावायची छाती न्हवती.”

आता मी म्हणजे कोण? परत आल्या आठवड्यात वाचनालयात नवसांविरुद्ध व्याख्यान दिलेली बाई! मी म्हटलं, “काकू, हे खोटं बोलणं झालं.”

“मग खरं सांगून ठिवल्यालं व्हतंस की. काय झालं?”

मी ठरवलं. पुण्याची पाळी सोडायची, पुढची दिवाळीनंतर आहे, तोवर बेडूक. आजच गुंडाकडून नवा गाळ आणायचा आणि प्रत्येक बुचाला लाल दोरा बांधायचा. नवस कशाचा, तर लग्नाचा, कारण जंतूंसाठी नवस बाळीवेशीत कोणाला पटणार नाही. बादली घेऊन दार उघडलं तर अक्कम्मा उभीच, तिला कळलेलं होतंच. “व्हय गं, कसला नवरा मागितलास?”

मी म्हटलं, “कसलाही चालेल. फक्त झाकण दिसलं की उघडणारा नको.”