कडेचा हिरवा मणी

आमचं मूळ निपाणीकडचं. आजोबा पोटाच्या पाठीमागं बेंगळूरला आले, चिकपेटेत देवाच्या तसबिरींना काच-चौकट बसवायचं दुकान टाकलं, मग वडील बसले, आता मी बसतो. घरात मराठी, दुकानात कन्नड, गिऱ्हाईक तसलं असलं तर हिंदी. काय सांगू तुम्हाला, सगळे देव माझ्या हातातनं गेले, पण देवाचं तोंड बघायला मला कधी वेळ झाला नाही. मी माप बघायचो. लक्ष्मी आली की मोठी चौकट, गणपती आला की मधली, एवढंच डोक्यात.

माझी बायको सुमन, ती चित्रांवर जरीचं काम करायची. म्हणजे बघा, देवीचं छापील चित्र असतं, त्याच्यावर साडीच्या जागी खरं कापड, जर, टिकल्या, मणी खळीनं चिकटवायचं, मग वर काच. लोक लग्नात द्यायला न्यायचे. आमच्या गल्लीतल्या आणखी बायका पण करायच्या, दुकानात सगळ्यांचं एकत्रच यायचं. पण सुमनची एक खोड होती, चित्र पुरं झालं की खाली पांढऱ्या कडेवर, कोपऱ्यात, एक हिरवा मणी डकवायची. आणि ती कड मी कापायचो. चौकटी तयार मापाच्या, कड ठेवली तर बसणार कशी. मी म्हटलं, अगं हे कापलंच जाणार की, कशाला लावतेस, तर ती म्हणाली, असू दे. मी म्हटलं सरी, बरं, असू दे. आमची रेवती तेव्हा लहान, टेबलाखाली कातरणं पडायची, त्यातले मणी वेचून डबीत घालायची. तिला दहावं चालू असताना सुमन काविळीनं गेली.

रेवती बीकॉम करून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागली, बरं चाललं होतं, आणि एक दिवस म्हणते अप्पा, मी नोकरी सोडून युनिव्हर्सिटीत कलेचा इतिहास शिकणार. मी म्हटलं, इतिहास राजांचा असतो, चित्रांचा कसला आणि. पण अडवलं नाही. पहिल्या वर्षी लेणी, देवळं, परदेशातले चित्रकार, जेवताना मला फोनवर दाखवायची, मी हूं हूं करायचो. दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता, तर पोरीनं विषय घेतला आईचा. आईची जरीची चित्रं. तिच्या मॅडम म्हणाल्या, विषय छान आहे, पण कुठलं चित्र आईचं हे कशावरनं, ते दाखव.

आता घरात तर एकही नाही, सगळी विकलेली. मग ही जुनी गिऱ्हाईकं धुंडत फिरली, मल्लेश्वरम, बसवनगुडी, इंदिरानगरात कुणाच्या फ्लॅटमध्ये, देव्हाऱ्यातली चित्रं उतरवायची, मागची फळी काढून बघायची. कड कुठंच नाही. मीच कापलेली. मण्यांची डबी आहे अजून तिच्याकडं, पण मणी काय सांगणार कुठल्या कडेचे. मग फोटो आणून माझ्यासमोर धरायची, अप्पा, तुम्ही सांगा, हे आईचं आहे काय.

आणि मला ओळखता येईना हो. जन्मभर शेजारी बसून जिनं काम केलं, तिचं काम मला ओळखता येईना, सगळी एकसारखीच दिसालीत. पण पोरीचं तोंड बघितलं आणि म्हणालो, होय, तुझ्या आईचंच. ती म्हणाली, कशावरनं. मी म्हटलं, पदराची जर बघ, अशी तीच वळवायची. तोंडाला आलं ते बोललो. मग दुसऱ्याला होय, तिसऱ्याला पण होय, आणि खरं वाटावं म्हणून मध्येच एकाला नाही.

ते सगळं तिनं लिहिलं, वडिलांनी सांगितल्यावरून, असं माझं नाव घालून लिहिलं. मॅडमनी वर्गात कौतुक केलं. बसवनगुडीच्या एका आज्जींनी तर चित्रच देऊन टाकलं, म्हणाल्या, तुझ्या आईचं आहे तर तुझ्याकडंच असू दे अम्मा. ते आता दुकानात माझ्या खुर्चीसमोर लावलंय. रेवती सकाळी जाताना त्याला हात जोडते, देवीला नाही, आईला. त्या वेळी मी काच पुसल्यासारखं करतो.

सांगून टाकावं असं रोज वाटतंय. पण प्रबंध खोटा पडेल, आणि त्याहून भ्या वाटतंय ते दुसरंच, तिच्या आईचं काम मी कधी धड बघितलंच नाही हे तिला कळेल. तुम्ही लिहून घेताय तर मी नावं बदला म्हणणार होतो. नको. तिनं वाचलं तर वाचू दे, माझ्या तोंडानं होत नाही.

गिऱ्हाईक नसलं की मी त्या देवीसमोर बसून बघालोय, पदर बघालोय, नथीचे मणी बघालोय. सुमनचं आहे की नाही, अजून कळत नाही. पोरगी खूप शिकू दे, मोठी होऊ दे. तिथं बघायला शिकवतात म्हणे. मला शेजारी बसून जमलं नाही.